ब्राउझर निवडताना वेगाआधी काय पाहावे? क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी आणि इतर

गोदाकाठ (कॉलेज रोड)

घरात किंवा कार्यालयात नवा संगणक आला की ‘ब्राउझर कोणता टाकायचा?’ हा प्रश्न निघतो आणि ‘क्रोम टाका, चांगला पळतो’ असे उत्तर मिळते. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला तेव्हा हे उत्तर खरोखर योग्य होते. त्याच्या व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनामुळे आणि टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याच्या रचनेमुळे इतर ब्राउझर त्याच्यापुढे मंद वाटत, आणि एखादे पान अडकले तरी बाकीची पाने चालू राहत. पुढे सर्वांनीच ही रचना कमीअधिक फरकाने स्वीकारली. फायरफॉक्सने २०१७ च्या नोव्हेंबरात ‘क्वांटम’ या नावाने आपले बरेचसे अंतरंग नव्याने घडवले, आणि आज रोजच्या कामात वेगाचा फरक डोळ्यांना जाणवेल इतका उरलेला नाही. म्हणून निवड करताना वेगाआधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. ब्राउझरच्या आत इंजिन कोणाचे आहे, ही पहिली. आणि तो बनवणाऱ्या संस्थेला पैसा कोठून मिळतो, ही दुसरी.

आधी इंजिनाचे पाहू. संकेतस्थळाकडून येणाऱ्या सूचना वाचून त्यांचे पान उभे करणारा भाग म्हणजे इंजिन. बाजारात ब्राउझरांची नावे भरपूर असली, तरी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंजिने आता तीनच आहेत: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे गेको. यांतील पहिली दोन एकाच कुळातली आहेत. केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या केएचटीएमएल या इंजिनावरून ॲपलने वेबकिट घडवले व २००३ मध्ये सफारी आणला. गूगलने क्रोमसाठी तेच वेबकिट घेतले आणि २०१३ मध्ये त्यातून फुटून ब्लिंक वेगळे केले. त्याच वर्षी ऑपेराने आपले प्रेस्टो हे इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाचा (ब्लिंक वापरणारा, क्रोमचा मुक्तस्रोत पाया) आधार घेतला. मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरात आपलेही इंजिन सोडत असल्याचे जाहीर केले आणि २०२० च्या जानेवारीत क्रोमियमवर उभारलेला नवा एज आणला. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, झोहो या भारतीय कंपनीचा उला, हे सारे आतून क्रोमियमच आहेत. यांतला एक सोडून दुसरा घेतला तर मालक बदलतो, सोयी बदलतात, इंजिन मात्र तेच राहते.

एकाच इंजिनाचे राज्य असल्याने काय बिघडते, हे मराठी वाचकांनी एकदा अनुभवलेले आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि नेटस्केप हा प्रतिस्पर्धी ब्राउझर संपल्यात जमा झाल्यावर सातवी यायला २००६ उजाडले. मधल्या पाच वर्षांत बहुतेक जग त्या एकाच ब्राउझरवर होते व त्यात मोठी सुधारणा करण्याची निकड कोणालाच नव्हती. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वी अनेक भारतीय भाषांतील वृत्तपत्रे आपापल्या सांकेतिक टंकांत पाने प्रसिद्ध करीत आणि ते टंक मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साच्यातून वाचकाकडे पोहोचवीत. हा साचा फक्त एक्स्प्लोररला उलगडत असे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन चिखल दिसे. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी प्रणाली, निघाले, ते अशा टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी, तेव्हा कोठे आपल्यातील कित्येकांना लिनक्सवर वर्तमानपत्र वाचता आले. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ च्या नोव्हेंबरात आली नसती, तर हा एकछत्री कारभार आणखी किती लांबला असता, याचा विचार करावा.

आता पैशाचे. गूगलचे बहुतेक उत्पन्न जाहिरातींतून येते आणि त्याची सावली क्रोमवर पडते. सफारीने २०२० च्या मार्चमध्ये तृतीय पक्षाच्या कुकी (उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी, बहुधा जाहिरातदारांनी, ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा) सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. क्रोमनेही त्या बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत सोडून दिला. एक्स्टेंशनांची ‘मॅनिफेस्ट व्ही-थ्री’ ही नवी नियमावली आणताना गूगलने सुरक्षिततेचे कारण दिले, आणि त्यात तथ्यही आहे, कारण जुन्या पद्धतीत एक्स्टेंशनला पानाची प्रत्येक मागणी पाहता व अडवता येई. पण जाहिराती व पाळत रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनचे सामर्थ्य नेमके त्याच मुभेवर उभे होते. क्रोममध्ये २०२५ च्या मध्यापर्यंत ते पूर्ण रूपात चालेनासे झाले. ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्सने ती मुभा कायम ठेवली आहे.

फायरफॉक्सची बाजूही निर्मळ नाही, आणि ती लपवून कोणालाही त्याची शिफारस करू नये. मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी न्यायालयात सांगितले, त्यानुसार कंपनीच्या उत्पन्नापैकी सुमारे ९० टक्के फायरफॉक्समधून येते आणि त्यातील सुमारे ८५ टक्के गूगलला शोधयंत्र म्हणून जागा दिल्याबद्दल मिळते. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच पैशावर घर चालते, ही फायरफॉक्सची सर्वांत मोठी दुर्बलता आहे. ॲपललाही सफारीतील त्याच जागेसाठी २०२२ मध्ये गूगलकडून २० अब्ज डॉलर मिळाले होते.

एवढे सगळे पाहून मी फायरफॉक्स मुख्य ठेवतो आणि अडून बसणाऱ्या संकेतस्थळांसाठी क्रोमियमवरचा एक ब्राउझर जवळ ठेवतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हिशेब पाहणारे, गंगापूर रोडवर शिकणारे, पिंपळगाव-लासलगावकडून बाजारभाव पाहणारे, सर्वांनी आपापल्या कामाच्या अंगाने यावर लिहावे, अशी विनंती आहे.

अशोकस्तंभ

मी करसल्लागार म्हणून काम करतो आणि आपल्या मांडणीतील पैशाचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही कार्यालयात ब्राउझर निवडताना पहिला प्रश्न ‘डिजिटल सही होते का?’ हाच असतो. विवरणपत्राची शेवटची तारीख असताना इंजिनांची विविधता उपयोगी पडत नाही.

नव्या वाचकांसाठी यामागचा इतिहास सांगतो. डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे, टोकन यूएसबीमध्ये असते आणि संकेतस्थळाला त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. पूर्वी हे काम जावा ॲपलेट या ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रणालीमार्फत होई. ॲपलेट ज्या जुन्या प्लगइन पद्धतीवर चालत, ती सुरक्षिततेसाठी क्रोमने २०१५ मध्ये काढून टाकली आणि फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये. त्या काळात कित्येक कार्यालयांनी केवळ सहीसाठी ब्राउझरची जुनी आवृत्ती जपून ठेवली होती, आणि जुनी आवृत्ती म्हणजे दुरुस्त न झालेली भगदाडे, हे माहीत असूनही दुसरा इलाज नव्हता. आता बहुतेक ठिकाणी एक छोटी सही-प्रणाली आपल्याच संगणकावर चालते आणि संकेतस्थळ तिच्याशी स्थानिक पत्त्यावरून बोलते.

येथे दोन अडचणी वारंवार येतात. फायरफॉक्स स्वतःचे प्रमाणपत्र-भांडार (कोणत्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायचा याची यादी) बाळगतो, त्यामुळे विंडोजने मान्य केलेले स्थानिक प्रमाणपत्र त्याला वेगळे मान्य करून द्यावे लागू शकते. ते केले नाही तर सहीची खिडकी उघडतच नाही आणि दोष टोकनला दिला जातो. दुसरीकडे, क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एखादे संकेतस्थळ स्थानिक यंत्रांशी बोलू पाहत असेल तर आधी परवानगी विचारली जाते. ही सोय चांगली आहे, पण घाईत ‘नाही’ दाबले गेले की सही गप्प पडते. तसे झाल्यास पत्त्याच्या डावीकडील खुणेवर जाऊन त्या संकेतस्थळाच्या परवानग्या तपासाव्यात.

माझ्या कार्यालयात एज मुख्य आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला, तरी एजमध्ये जुनी पाने एक्स्प्लोररच्या पद्धतीने उघडणारा ‘आयई मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. जुन्या धाटणीची अंतर्गत प्रणाली वापरणाऱ्या कारखान्यांना याशिवाय गत्यंतर नाही. एजचे उणे एवढेच की तो गप्प बसत नाही: खरेदीच्या सूचना, मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधयंत्राकडे वळवणे, पहिल्या पानावरच्या बातम्यांची गर्दी. हे सगळे सेटिंगमध्ये जाऊन एकदा बंद करावे लागते.

संकेतकार (इंदिरानगर)

मी संकेतस्थळे बांधतो, म्हणून गोदाकाठ यांच्या एक्स्प्लोररच्या तुलनेला थोडा विरोध नोंदवतो. एक्स्प्लोररचा आराखडा बंद होता. क्रोमियमचा खुला आहे, त्यात मायक्रोसॉफ्टसह अनेक कंपन्यांचे अभियंते लिहितात आणि कोणालाही त्यावरून वेगळा ब्राउझर काढता येतो. शिवाय ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला २०२२ पासून दरवर्षी ‘इंटरॉप’ या उपक्रमात एकत्र बसून, कोणत्या सुविधा सर्व इंजिनांत सारख्या चालायला हव्यात हे ठरवतात आणि त्यांच्या चाचण्यांचे निकाल उघडपणे मांडतात. त्यामुळे पानांची मांडणी सर्वत्र सारखी दिसण्याच्या बाबतीत आजची स्थिती २००४ पेक्षा कितीतरी बरी आहे. ‘फक्त क्रोममध्ये उघडा’ अशी पाटी लावणारी जी संकेतस्थळे दिसतात, त्यांतील पुष्कळ ठिकाणी इंजिन अपुरे पडत नसते. बांधणाऱ्याने दुसऱ्या ब्राउझरमध्ये तपासण्याचे कष्ट घेतलेले नसतात. हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे.

तरी काही फरक खरे आहेत. पानातून थेट यूएसबी किंवा ब्लूटूथ उपकरणाशी बोलण्याच्या सुविधा क्रोमियममध्ये आहेत. मोझिला व ॲपल यांनी त्या गोपनीयतेच्या कारणावरून स्वीकारलेल्या नाहीत. अंबडमधील एखाद्या कारखान्याला ब्राउझरमधूनच मापक यंत्राची नोंद घ्यायची असेल, तर फायरफॉक्स तेथे चालणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आयफोनची गोष्ट निराळीच आहे. तेथे क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या किंवा ब्रेव्ह, ॲपलच्या नियमामुळे आत वेबकिटच असते. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे २०२४ च्या मार्चपासून दुसऱ्या इंजिनाला मुभा मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणून आयफोनवर ‘क्रोमपेक्षा सफारी वेगवान का?’ या वादात फारसा अर्थ नाही. बॅटरी आणि पाळत-प्रतिबंध या दोन्ही बाबतींत तेथे सफारी सरस आहे. ॲपलच्या उपकरणांबाहेर मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण विंडोजसाठीचा सफारी २०१२ नंतर पुढे आलाच नाही, आणि नवी आवृत्ती बहुधा संपूर्ण प्रणालीच्या अद्ययावतीकरणाबरोबर येते, त्यामुळे जुन्या आयफोनवाल्याचा ब्राउझरही जुनाच राहतो.

निफाडचा मळा

आमची बाग द्राक्षांची आहे आणि संगणकापेक्षा फोनवरच सगळे चालते, म्हणून फोनविषयी लिहितो. युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर बागेची नोंद लागते, औषधांच्या अंशांच्या तपासणीचे अहवाल पाहावे लागतात, शिवाय रोजचे बाजारभाव व हवामान असतेच. मळ्यात नेटवर्क कधी असते, कधी नसते.

अशा ठिकाणी अनेक जण अजून ऑपेरा मिनी वापरतात, आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे. तो पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतो, दाबून लहान करतो आणि मग फोनवर पाठवतो, त्यामुळे कांद्याचा भाव बघण्याइतके पान कमकुवत नेटवर्कवरही येते. पण सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत हा सर्व्हर मधे बसलेला असल्याने आपण आणि संकेतस्थळ यांच्यातील गुप्तता टोकापासून टोकापर्यंत राहत नाही. त्यावर बँकेचा व्यवहार किंवा सरकारी खात्याचा पासवर्ड मुळीच टाकू नये, असे मी गावातील प्रत्येकाला सांगतो. यूसी ब्राउझर पूर्वी घरोघरी होता. कॅनडाच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्यातून वापरणाऱ्याची माहिती कशी गळते हे दाखवले होते, आणि २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंद केलेल्या ५९ ॲप्समध्ये तो होता. कोणाच्या जुन्या फोनवर अजून असेल, तर काढून टाकावा.

मी स्वतः अँड्रॉइडवर फायरफॉक्स ठेवला आहे, तो केवळ यूब्लॉक ओरिजिन त्यात बसते म्हणून. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन बसवण्याची सोय नाही. जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवले की डेटाही वाचतो आणि पानही लवकर येते. आमच्यासारख्यांना हा खरा वेग आहे. काही पाने त्यात नीट बसत नाहीत, तेव्हा क्रोम उघडतो. दोन्ही फोनवर असू द्यावेत.

वाचनवेडी (नाशिकरोड)

आतापर्यंत कोणीही वाचनाचा मुद्दा घेतला नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडद्यावर दीर्घकाळ वाचणे जमत नाही, आणि माझ्या दृष्टीने एजची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे मोठ्याने वाचून दाखवणे. त्यात मराठीसाठी ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ असे दोन आवाज आहेत. जोडाक्षरे व अनुस्वार ते बहुतांशी बरोबर उच्चारतात. लांबलचक संपादकीय ऐकताना कंटाळा येत नाही. माझ्यासारख्या किती तरी जणांना याचा पत्ताच नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. हे आवाज इंटरनेटवरून येतात, म्हणजे वाचला जाणारा मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो. खासगी पत्र किंवा वैद्यकीय अहवाल मी त्याच्याकडून वाचून घेत नाही.

फायरफॉक्समधील वाचक-दृश्य मला त्याहून स्वच्छ वाटते. एका कळीने जाहिराती, चौकटी, बाजूचे दुवे नाहीसे होतात, अक्षरांचा आकार आणि ओळींमधले अंतर हवे तसे ठेवता येते. मात्र त्याचे वाचून दाखवणे आपल्या संगणकात जे आवाज बसवलेले असतील त्यांवर अवलंबून असते, आणि तेथे मराठी आवाज नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. फायरफॉक्सची संपूर्ण मांडणी मराठीत मिळते, क्रोमचीही मिळते. मराठी शुद्धलेखन-तपासणीचा कोश फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन म्हणून बसवता येतो, आणि रोज लिहिणाऱ्याला तो फार उपयोगी आहे.

संकेतकार यांना एक विनंती आहे. पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने का उमटतात? हा दोष ब्राउझरचा आहे की पान बांधणाऱ्याचा?

संकेतकार

ताई, बहुतेक वेळा दोष पान बांधणाऱ्याचा असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही टंकांत मराठी वळणाची अक्षरे आत असतात, पण पान मराठीत आहे असे पानाच्या संकेतात (कोडमध्ये) स्पष्ट नोंदवले तरच ब्राउझर ती निवडतो. भाषेची जागा रिकामी ठेवली किंवा हिंदी लिहिली, तर हिंदी वळण येते. क्रोम आणि फायरफॉक्स ही नोंद पाळतात. ज्या टंकांत अशी सोयच नाही तेथे नोंद करूनही फरक पडत नाही. ऱ्हस्व आणि दऱ्या यांतील अर्ध्या ‘र’ ची अडचण मात्र आता प्रमुख ब्राउझरांत उरलेली नाही, कारण क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हीच मुक्तस्रोत प्रणाली वापरतात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. संकेतकार यांच्या आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो या विषयाच्या मुळाशी जातो.

क्रोमियमचा आराखडा खुला आहे, हे खरेच. पण आराखडा खुला असणे आणि निर्णय खुला असणे, यांत अंतर आहे. मॅनिफेस्ट व्ही-थ्रीच्या वेळी ब्रेव्ह, विवाल्डी आणि ऑपेरा या तिघांनीही आपल्या वापरकर्त्यांना जाहिरात-रोधक मिळत राहील असे सांगितले. ते शब्द पाळण्यासाठी त्यांना आपापला अंगभूत रोधक पुढे करावा लागला, कारण गूगलने मूळ प्रकल्पातून जुनी पद्धत काढून टाकल्यावर ती स्वतःच्या बळावर कायमची जपणे लहान कंपनीला परवडत नाही. पाटाचे पाणी सगळ्यांच्या शेतात जाते, दार मात्र एकाच्या हातात असते. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीलाही स्वतंत्र इंजिन चालवणे जड झाले. म्हणून गेको टिकणे मला महत्त्वाचे वाटते, आणि ते टिकायचे तर त्याचे वापरकर्ते टिकले पाहिजेत. जगात क्रोमचा वाटा साधारण दोन-तृतीयांश आणि फायरफॉक्सचा अगदी थोड्या टक्क्यांवर आलेला असताना संकेतस्थळ बांधणारे त्याच्यात तपासायचे कष्ट आणखीच कमी घेतील.

अशोकस्तंभ यांच्यासाठी एक उपयुक्त गोष्ट सुचवतो. फायरफॉक्समध्ये ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे मोझिलाचेच एक्स्टेंशन आहे. त्यामुळे एकाच खिडकीत, वेगवेगळ्या रंगांच्या टॅबमध्ये, एकाच संकेतस्थळावर वेगवेगळ्या अशिलांची खाती एकाच वेळी उघडी ठेवता येतात व एकाची कुकी दुसऱ्याला दिसत नाही. क्रोम आणि एजमध्ये हे काम स्वतंत्र प्रोफाइल करून साधते, पण प्रत्येक प्रोफाइलची खिडकी वेगळी होते.

अशोकस्तंभ

ही सोय कामाची आहे. सहीचा भाग एजवर ठेवून नुसत्या पाहणीसाठी फायरफॉक्स वापरता येईल.

सेवाकेंद्र (सिन्नर फाटा)

आमच्याकडे दाखले, सातबारा, परीक्षांचे अर्ज यांसाठी दिवसभर माणसे येतात आणि संगणक सर्वांना सामाईक असतात. त्यामुळे आमची चिंता वेगळी आहे. पुष्कळांना असे वाटते की क्रोमची गुप्त खिडकी उघडली म्हणजे आपण कोणालाच दिसत नाही. तसे नसते. खिडकी बंद केल्यावर त्या संगणकावरचा इतिहास आणि कुकी राहत नाहीत, एवढाच तिचा अर्थ आहे. संकेतस्थळ, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि कार्यालयाचे नेटवर्क यांना आपण दिसतच असतो. याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ मधील तडजोडीत गूगलने जमा केलेली माहिती नष्ट करण्याचे मान्य केले. उतरवून घेतलेली फाइलही गुप्त खिडकी पुसत नाही. आधार कार्डाची प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच पडून राहते, ती हाताने काढावी लागते, आणि आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या देखत काढतो.

जुन्या यंत्रांचाही प्रश्न आहे. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली, तीही २०२३ च्या जानेवारीतली. मोझिलाने मात्र ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला विंडोज ७ व ८.१ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या वारंवार मुदत वाढवून पुरवल्या. ज्या केंद्रांना यंत्रे लगेच बदलणे शक्य नव्हते, त्यांना याचा मोठा आधार झाला. खुद्द विंडोजलाच दुरुस्त्या मिळत नसताना चांगला ब्राउझरही अर्धाच बचाव करतो, त्यामुळे अशा यंत्रावर पैशाचे व्यवहार करू नयेत, हे मत मी सोडलेले नाही.

अभ्यासिका (गंगापूर रोड)

ब्रेव्ह आणि झोहोचा उला यांच्याविषयी कोणी सांगेल का? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी दिवसभर पुष्कळ टॅब उघडे असतात आणि माझ्या लॅपटॉपला चारच जीबी स्मृती आहे.

गोदाकाठ

ब्रेव्ह हा ब्रेंडन आइक यांनी सह-स्थापित केलेल्या कंपनीचा ब्राउझर आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा त्यांनीच १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये असताना लिहिली. जाहिराती आणि पाळत अडवण्याची सोय त्यात पहिल्यापासूनच चालू असते, एक्स्टेंशन शोधावे लागत नाही, ही त्याची खरी ताकद आहे. उत्पन्नासाठी तो स्वतःच्या जाहिराती आणि कूटचलनाचे (क्रिप्टोचे) टोकन यांवर अवलंबून आहे. २०२० मध्ये त्याने काही कूटचलन-बाजारांच्या पत्त्यांना आपोआप स्वतःचा दलालीचा संकेत जोडल्याचे उघड झाले आणि कंपनीला माफी मागावी लागली. तेव्हापासून माझा त्यावरचा विश्वास पूर्ण बसलेला नाही, तरी त्याची तांत्रिक बाजू चांगली आहे, हे मान्य करतो.

उला २०२३ मध्ये आला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने त्याच वर्षी भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली होती, तिचे पहिले पारितोषिक २०२५ मध्ये झोहोला मिळाले. काम, वैयक्तिक वापर, मुले असे वेगळे मोड त्यात आहेत आणि ते खरोखर उपयुक्त आहेत. स्पर्धेतील एक अट मात्र जाणून घ्यावी: भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारावर संकेतस्थळांची ओळख पटवणारी पुढची प्रमाणपत्रे दिली जातात ते) ब्राउझरने अंगभूत मानावे, अशी ती अट होती. २०१४ मध्ये याच साखळीतील एका प्राधिकरणाकडून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याने परदेशी ब्राउझरांनी सावध भूमिका घेतली होती. देशाची स्वतःची विश्वास-साखळी असणे मला योग्य वाटते. तिच्यावरची देखरेखही तितकीच कडक असावी, एवढीच अपेक्षा आहे.

चार जीबी असताना ब्राउझर बदलण्यापेक्षा टॅब निजवण्याची सोय चालू करणे अधिक फलदायी ठरते. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ आणि क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ या नावाने ती मिळते. फायरफॉक्स स्मृती कमी पडू लागली की न वापरलेले टॅब स्वतःच उतरवतो. त्याच्या जोडीला जाहिरात-रोधक बसवावा, कारण स्मृतीचा बराच भाग जाहिरातींच्या चौकटीच खातात.

अभ्यासिका

धन्यवाद. फायरफॉक्सवर यायचे ठरवले, तर क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड जातील का?

सेवाकेंद्र (सिन्नर फाटा)

जाणार नाहीत. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या ब्राउझरमधून माहिती आणण्याची सोय आहे. आधी क्रोम पूर्ण बंद करावा आणि मग ती वापरावी. पासवर्ड थेट आले नाहीत तर क्रोममधून सीएसव्ही फाइल काढून ती आत घेता येते. मात्र त्या फाइलमध्ये प्रत्येक पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला असतो. ती मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका, पेन-ड्राइव्हवर ठेवू नका, आणि काम झाल्याबरोबर ती पुसून रीसायकल बिनही रिकामे करा. बँकेचा पासवर्ड या निमित्ताने बदलूनच टाका, आणि फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा, म्हणजे अभ्यासिकेत लॅपटॉप उघडा राहिला तरी साठवलेले पासवर्ड कोणाला सहज पाहता येणार नाहीत.